ओटी रिकामी करताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बरीचशी पत्रं अशा गावांतून आली आहेत, जिथे फादर महिन्यातून एक-दोनदाच येतात. मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) दूर आणि शेत जवळ, अशी सगळ्यांची अडचण. म्हणून ती पत्रं एकत्र घेतली आहेत.

दिवाळीनंतर तीन महिने कापूस वेचायला जाते. पहाटे पाचला स्वयंपाक, सातला शेत, घरी आलं की पुन्हा चूल. रात्री जपमाळ घेऊन बसते आणि तिसऱ्या ‘नमो मरिया’लाच डोळा लागतो. एकही आठवडा पूर्ण झालेला नाही. पाप लागतं का? (यवतमाळ जिल्हा)

नाही लागत. रोजची जपमाळ करा असं चर्च मनापासून सांगतं, पण ती आज्ञा नाही. चुकली म्हणून पापनिवेदनात सांगायचीही गरज नाही. तुमची भक्ती कमी पडत नाही, वेळ चुकते. दिवसातला सगळ्यात थकलेला तुकडा तुम्ही प्रार्थनेला ठेवलाय, मग झोप जिंकणारच.

हिशेब करून पाहा. एक ‘नमो मरिया’ सावकाश म्हटली तर पंधरा-वीस सेकंद लागतात. ‘हे आमच्या बापा’ आणि ‘पित्याला गौरव’ धरून एक दशक (दहा ‘नमो मरिया’) चार मिनिटांच्या आत होतं, पाच दशकं वीस मिनिटांत. शेत दीड किलोमीटरवर असेल तर चालायलाही तेवढाच वेळ जातो. म्हणजे जाताना पूर्ण जपमाळ होते. सोबतच्या बाया वाटेनं बोलत असतील तर त्यांना तोडून पुढे पळू नका. त्या दिवशी वरण शिजेपर्यंत चुलीपुढे एकच दशक म्हणा आणि तेवढ्यावर थांबा. हातात माळ हवीच असं नाही, दहा बोटं पुरतात.

कोणती रहस्यं, म्हणजे दशक म्हणताना मनात आणायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, कधी? सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्यं पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 साली जोडली. त्याआधीच्या पुस्तिकेत गुरुवारी आनंदाची दिलेली असतात. घरात सासूबाई जुनी पुस्तिका धरून बसल्या असतील तर त्यावरून वाद घालू नका, दोन्ही चालतं.

शेतात मात्र जपमाळेचा हट्ट सोडा. दोन्ही हात बोंडात असतात, मोजणी चुकते, आणि मोजणीकडे लक्ष दिलं की कापसात पाला येतो. तिथे एका ओळीची प्रार्थना बरी : ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ पूर्वेकडच्या ख्रिस्ती चर्चमधले मठवासी कित्येक शतकं ही प्रार्थना म्हणत आले आहेत. ती सतत म्हणायचा प्रयत्न करू नका, तासाभरात विसराल. एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. कापूस ठेवायची कमरेची ओटी भरली की तुम्ही उठता, गाठोड्यापर्यंत जाता, ओटी रिकामी करता, पाठ सरळ करता. तेवढ्यात एकदा म्हणा. आठवण ठेवायचं काम ओटी करते, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही.

बहुतेकांचं बिनसतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे जपमाळ, बायबल, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि उपवास असं सगळं एकाच सोमवारी सुरू करतात. महिनाभर एकच गोष्ट धरा. दुसरं म्हणजे काल राहिली म्हणून आज दुप्पट करतात. देवाकडे थकबाकी चढत नाही. राहिली ती राहिली, आजची म्हणा.

आमच्या वस्तीत सहा ख्रिस्ती घरं. मिस्सा महिन्यातून दोन रविवार. उरलेल्या रविवारी आम्ही जमतो, पण गाणी होतात आणि मग एक जण तासभर प्रवचन करतो. याला रविवार पाळला म्हणायचं का? (अमरावती जिल्हा, मेळघाट)

धर्मगुरू नसल्यामुळे किंवा दुसऱ्या गंभीर कारणानं मिस्सा शक्यच नसेल तर दोष लागत नाही. अशा वेळी वचनविधी (बायबलवाचनाची उपासना) करावा किंवा कुटुंबानं, शक्य तर काही कुटुंबांनी मिळून पुरेसा वेळ प्रार्थना करावी, असं चर्चच्या कायद्याचं कलम 1248 आग्रहानं सांगतं. तेव्हा जमता ते योग्यच आहे. ‘शक्य नसणं’ म्हणजे काय हे मात्र प्रामाणिकपणे बघा. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची धरली जाते. तालुक्याला बाजारासाठी जाणं होत असेल तर तिथली वेळ विचारून ठेवा.

क्रम असा ठेवा. क्रुसाची खूण, मग मिनिटभर शांतता आणि क्षमेची प्रार्थना. त्या रविवारचं पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन, शुभवर्तमान. ही वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. फादरांकडून वर्षाची यादी आधीच मागून घ्या, म्हणजे ज्याला जे आवडतं ते वाचणं बंद होईल. शुभवर्तमान दोनदा वाचा, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात, शक्य तर एखाद्या शाळकरी मुलीच्या. मग तीन मिनिटं कोणीही बोलायचं नाही. घड्याळ लावा, कारण तीन मिनिटं फार लांब वाटतात आणि कोणीतरी गाणं सुरू करून ती मोडतं. त्यानंतर ज्याला वाटेल त्यानं मनाला लागलेली एक ओळ सांगावी, फक्त ओळ. प्रवचनाचा प्रश्न इथेच सुटतो. पुढे विश्वासांगीकार, गावासाठी आणि आजाऱ्यांसाठी विनंत्या, ‘हे आमच्या बापा’, आणि येशूला मनानं स्वीकारण्याची प्रार्थना, जिला आध्यात्मिक कम्युनियन म्हणतात. चाळीस मिनिटं पुरे.

एक गोष्ट कटाक्षानं टाळा. मिस्सेतले अर्पणाचे शब्द म्हणून पाव किंवा बिस्किट वाटायचं नाही. भावना चांगली असते, पण लहान मुलं तेच कम्युनियन (मिस्सेत मिळणारं ख्रिस्तशरीर) समजून मोठी होतात. ख्रिस्तशरीर आणायचं असेल तर ते फादर किंवा त्यांनी नेमलेली व्यक्तीच आणते.

मिस्सेआधी चहा चालतो का? आजीला साखरेचा आजार आहे. (वाशीम जिल्हा)

एक तास उपाशी राहायचा नियम आहे, पण तो तास मिस्सा सुरू होण्याआधीचा नाही, कम्युनियन घेण्याआधीचा. आठची मिस्सा असेल आणि कम्युनियन पावणेनऊच्या सुमारास होत असेल तर पावणेआठपर्यंत चहा चालतो. पाणी आणि औषध कधीही चालतं. आजीला हा नियम लागूच होत नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची देखभाल करणारे, सगळ्यांना सूट आहे. त्यांना खाऊ घालूनच न्या. चर्चमध्ये चक्कर येऊन पडण्यात पुण्य नाही.

हरभऱ्याला ओलीत करायचं तर लाईन रात्रीच येते. घरच्या प्रार्थनेत मी कधीच नसतो. आणि पापनिवेदन वर्षातून एकदा होतं, ईस्टरआधी. रांग लांब असते, आत गेलो की काय बोलावं सुचत नाही. ‘राग येतो, फादर’ एवढं सांगून बाहेर येतो. (बुलढाणा जिल्हा)

दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे, रोजची उजळणी. संत इग्नेशियस लोयोला यांनी तिला दिवसाचा अविभाज्य भाग मानलं. दहा मिनिटं लागतात. मोटार सुरू केली, पाणी वाफ्यात सोडलं, की ते पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत तुम्हाला थांबावंच लागतं. तीच वेळ घ्या. डोळे मिटू नका, विंचूकाट्याच्या शेतात उघड्या डोळ्यांची प्रार्थना बरी.

आधी आजच्या दोन गोष्टींसाठी आभार माना, नेमक्या. ‘सगळ्यासाठी आभार’ म्हटलं की कशासाठीच नसतात. ‘बैलाचा पाय आज बरा होता’ असं म्हणा. मग दिवस खरा दिसू दे, अशी पवित्र आत्म्याला विनंती करा. तिसरी पायरी मोठी : सकाळपासून आतापर्यंतचा दिवस माणसामाणसानं आठवा. बायको, पोरं, शेजारचा धुरेकरी, कृषी केंद्रातला माणूस, मजूर. कुठे देव जवळ वाटला, कुठे आपण तोंड फिरवलं? जिथे चुकलं तिथे क्षमा मागा. शेवटी उद्याची एकच गोष्ट ठरवा, आणि ती करता येण्याजोगी असू द्या. ‘उद्या रागावणार नाही’ हे ठरवणं झालं नाही. ‘उद्या पोरानं बकरी सोडली तर आधी तिला बांधीन, मग बोलीन’, हे झालं.

महिनाभर हे केलंत की पापनिवेदनात शब्द शोधावे लागत नाहीत. ‘राग येतो’ हा स्वभाव झाला, पाप नाही. ‘मजुराला चारचौघांत शिवी दिली, दोनदा, एकदा मजुरी आठवडाभर अडवून ठेवली’, हे पापनिवेदन. गंभीर पाप असेल तर ते कोणतं आणि साधारण किती वेळा, एवढं सांगावं लागतं. कहाणी सांगावी लागत नाही. आपली पापं सांगायला जाऊन भावाची सांगून येणारे पुष्कळ असतात. धुऱ्याचं भांडण असलं की हे हमखास होतं. एखादं पाप विसरलात तर त्याचीही क्षमा झालेली असते, गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगा. जाणूनबुजून लपवलंत तर मात्र ते पापनिवेदनच धरलं जात नाही. ‘फादर ओळखीचे आहेत, घरी जेवायला येतात’ ही भीती मनातून काढा. ऐकलेलं ते कोणालाही, कशासाठीही सांगू शकत नाहीत. आणि रांगेत उभं राहण्यापेक्षा फादर वस्तीवर येतील त्या दिवशी मिस्सेआधी अर्धा तास मागून घ्या.

माहेर अमरावतीकडचं, सासर वर्धा जिल्ह्यात. इथली मिस्सा वेगळी, तिला कुर्बाना म्हणतात. उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवारही नसतो. मी चुकीच्या चर्चमध्ये जाते आहे का?

नाही. वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे सिरो-मलबार, म्हणजे केरळातून आलेल्या पूर्वेकडच्या कॅथलिक परंपरेच्या चांदा धर्मप्रांतात (बिशपांच्या कार्यक्षेत्रात) येतात. अमरावती आणि नागपूरचे धर्मप्रांत लॅटिन परंपरेचे. पोप एकच, साक्रामेंत (पवित्र संस्कार) तीच, विधी वेगळा. त्या परंपरेत राख बुधवारी नाही, दोन दिवस आधी सोमवारी लावतात, कारण उपवासकाळ तिथूनच सुरू होतो. रविवारचं कर्तव्य कुर्बान्यानं पूर्ण होतं आणि कम्युनियनही घेता येतं. नुसतं तिथे जात राहिल्यानं तुमची परंपरा बदलत नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याआधी मात्र फादरांशी बोला. मूल कोणत्या परंपरेत नोंदवायचं ते आधी ठरलेलं बरं, नाहीतर लग्नाच्या वेळी कागद शोधत फिरावं लागतं.

सोयाबीन काढायला आलं आणि पाऊस लागला. शेंगांना कोंब फुटले. त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना केली होती, पीक घरात आलं तर वेलांकनीच्या मरियामातेला पायी जाईन असा नवसही बोललो होतो. आता प्रार्थनेला बसलो की राग येतो. बसावं की नाही? (अकोला जिल्हा)

आधी नवसाचं. अट पूर्ण झाली नाही, तेव्हा तुम्ही बांधलेले नाही आहात. आणि कोणी नवस बोलून बसला असेल अन् आता झेपत नसेल, तर योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचे, म्हणजे आपल्या चर्चचे, फादर त्याला त्यातून मोकळं करू शकतात किंवा बदल्यात दुसरं काही देऊ शकतात. मनात कुढत बसू नये. नोव्हेना म्हणजे सौदा नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. कोंब फुटलेल्या शेंगांपुढे ते कोणी सांगू नये, म्हणून इथे एवढंच.

रागाचं म्हणाल तर बसा, आणि राग घेऊनच बसा. फक्त स्वतःचे शब्द शोधू नका. थकल्या मनाला ते सापडत नाहीत, आणि मग प्रार्थनाच सुटते. स्तोत्र 13 काढा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चारदा येतो. पुढच्या दोन ओव्यांत मागणं आहे. शेवटच्या दोन विश्वासाच्या आहेत. त्या आज तोंडातून येत नसतील तर चौथ्या ओवीवर थांबा आणि पुस्तक मिटा. उद्या पुन्हा पहिलीपासून. मोठ्यानं वाचा, घरात नको वाटलं तर शेतात.

आणि तेही पुरं पडलं नाही तर स्तोत्र 88 आहे. त्याच्या शेवटी दिलासा नाही, अंधारच आहे. चर्चनं ते गाळलेलं नाही : दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत फादर आणि सिस्टर तेच म्हणतात.