रुजवात म्हणजे सुरुवात नव्हे!

प्रश्न असा आला आहे: ‘वेबसाइटवरचा फॉर्म सबमिट केला की सर्व्हरवरची स्क्रिप्ट त्यातली माहिती तपासते. त्या व्हॅलिडेशनला वैधीकरण म्हणावं की प्रमाणीकरण? ब्राउझरमध्ये होणाऱ्या व्हॅलिडेशनला वेगळा शब्द हवा का?’

वैधीकरण नको. ‘-ईकरण’ लागलं की जे मुळात तसं नव्हतं त्याला तसं करणं, असा अर्थ होतो. अशुद्धाला शुद्ध करणं ते शुद्धीकरण. मग वैधीकरण म्हणजे अवैधाला वैध करून टाकणं. बेकायदा मजला दंड घेऊन कायदेशीर करतात, ते वैधीकरण. स्क्रिप्ट असलं काही करत नाही. चुकीचं असेल ते परत पाठवते. परिभाषा घडवणाऱ्यांनी इंग्रजी शब्दाचं शेपूट पाहिलं आणि संस्कृत प्रत्ययाकडे पाहिलंच नाही. प्रमाणीकरण हा शब्द तर ऑथेंटिकेशन (खरेपणाची ओळख पटवणं) आणि स्टँडर्डायझेशन (एकच प्रमाण ठरवणं) अशा दोन गाड्यांना आधीच जुंपलेला आहे.

आपल्याकडे शब्द तयार आहे: रुजवात.

आता कोणी म्हणेल, रुजवात म्हणजे सुरुवात ना? नाही! ‘नव्या पर्वाची रुजवात’, ‘चळवळीची रुजवात’ हे भाषणांत आणि अग्रलेखांत ऐकून कान किटले आहेत. बी रुजतं तशी रुजवात, अशी कोणीतरी ध्वनीवरून कल्पना करून घेतली. ‘रूढ झालंय, आता तोही अर्थ माना’ म्हणणारे भाषातज्ज्ञ मला अजिबात पटत नाहीत. एक नेमका शब्द मारून सुरुवातीला आणखी एक पर्याय मिळवण्यात कसली समृद्धी?

रुजवात आली अरबी ‘रुजूअ’वरून, म्हणजे परत फिरणं. कामावर रुजू होणं सर्वांना माहीत आहे, ते सोडून देऊ. जुन्या हिशोबाच्या दप्तरातला अर्थ बघा. खतावणीतली, म्हणजे खातेवार वहीतली, रक्कम बरोबर आहे की नाही, हे खतावणीकडे टक लावून कळत नाही. कीर्दीतल्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतल्या, मूळ नोंदीकडे परत जावं लागतं. दोन्ही जुळलं की रक्कम रुजू. मुळाकडे परत जाऊन ताळा घेणं, ही रुजवात. जुन्या कागदांत ‘रुजुवात’ असंही रूप सापडतं. त्यातला ‘-आत’ हा प्रत्यय मला अरबी अनेकवचनाचाच वाटतो.

सर्व्हरवर नेमकं हेच व्हायला हवं. दिवाळी फराळ विकणाऱ्या दुकानाचा फॉर्म घ्या. अनारसे, एक किलो, आणि एका लपवलेल्या रकान्यात किंमत ८५०. ब्राउझर गिऱ्हाइकाच्या हातात असतो. त्याने ८५० चे ८ केले आणि सबमिट दाबलं, तर स्क्रिप्टच्या हाती ८ येतात. आकडाच आहे, शून्यापेक्षा मोठा आहे, रकाना रिकामा नाही. सगळ्या तपासण्या पार! फॉर्ममधली किंमत बाजूला ठेवून स्क्रिप्ट स्वतःच्या डेटाबेसमधल्या किमतीकडे परत गेली, तरच चोरी पकडली जाते. त्या परत जाण्याला रुजवातीखेरीज दुसरा शब्द मला तरी सुचत नाही. अशा स्क्रिप्ट जिच्यात लिहितात त्या पीएचपी भाषेत एके काळी फॉर्ममधला प्रत्येक रकाना थेट स्क्रिप्टचं व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा नाव दिलेला कप्पा, होऊन बसे. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाची ती सोय २००२ साली मुळात बंद ठेवायला लागले आणि २०१२ साली काढूनच टाकली. रुजू न करता दप्तरात घेतलेल्या नोंदी, दुसरं काय!

याच दप्तरातला दुसरा शब्द मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर राजमुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. इथे मर्यादा झाली, याखाली कोणी ओळ वाढवायची नाही. एसक्यूएल ही डेटाबेसला हुकूम सोडायची भाषा. एसक्यूएल इंजेक्शन हा तिच्या आडून होणारा हल्ला म्हणजे तरी काय? नावाच्या रकान्यात अवतरणचिन्ह टाकून नाव संपवायचं आणि पुढे स्वतःचा हुकूम लिहायचा. त्यावरचा उपाय असलेल्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये हुकूम आधीच ठरून जातो, मागून आलेला मजकूर नुसता मजकूर राहतो. मी त्याला बेधडक ‘मोर्तब केलेली आज्ञा’ म्हणेन. लांब वाटलं तरी चालेल.

राहिला ब्राउझरचा भाग. रकाना रिकामा आहे का, पिनकोड सहा आकडी आहे का, एवढंच तिथे पाहतात. त्याला साधं तपासणी म्हणा. पडताळणीही चालेल, पण त्यात परत फिरणं येत नाही. ब्राउझरमध्ये तपासणी, सर्व्हरवर रुजवात.

हा शब्द जुनाट वाटत असेल तर नेपाळकडे बघा. तिथल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात नियमाप्रमाणे हिशोब न लागलेल्या रकमेला आजही ‘बेरुजु’ म्हणतात. स्क्रिप्टने परत पाठवलेल्या नोंदींसाठी तुमच्या तक्त्यात रकाना असेलच. त्याच्या डोक्यावर ‘इनव्हॅलिड’च्या जागी ‘बेरुजू’ लिहा.