झोंबलं म्हणजे वास आला असं नाही

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. ताप-सर्दी जाऊन चार महिने झाले, आता कॉफीला आणि कांद्याच्या फोडणीला जळक्या रबराचा वास येतो, टूथपेस्ट तोंडात धरवत नाही, डॉक्टर म्हणतात नाक व्यवस्थित आहे आणि घरचे म्हणतात मनावर घेऊ नकोस. कोविडनंतर माझं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही. गोडा मसाला करून विकते, नाकावरच पोट आहे. त्यामुळे औषधांचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

वाफ, नाक धुणं वगैरे तुम्ही केलंच असेल. मला विचारायचंय ते हे, की "नाक व्यवस्थित" हे ठरवलं कशावरून? मला एका नावाजलेल्या दवाखान्यात डोळे मिटायला सांगितलं आणि नाकाखाली बामची डबी धरली. "काही कळतंय?" "हो, झोंबतंय." झालं, केसपेपरवर "वास येतो" असं लिहून मोकळे! मेंथॉल, कापूर, निलगिरी, अमोनिया झोंबतात ते ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्याच नसेमुळे. वासाची नस पार बंद असली तरी बाम झोंबणारच. पण त्या एका ओळीने माझं फार नुकसान केलं. पुढे ज्यांच्याकडे गेले त्यांनी तो कागद पाहिला आणि चिंतेची गोळी लिहून दिली. दिवाळीचा सगळा हंगाम मी धणे रंगावरून भाजले. दगडफुलाला कुबट वास येतोय का, हे दर वेळी जावेला विचारायचं. आजही तो कागद पाहिला की संताप होतो.

म्हणून तपासणी नीट मागा. स्निफिन स्टिक्स नावाच्या वासाच्या पेनांचा संच असतो, सगळीकडे मिळत नाही. तो नसेल तर निदान लवंग, वेलची, लिंबाची साल असे न झोंबणारे किंवा कमी झोंबणारे वास डोळे मिटून, एकेका नाकपुडीने ओळखायला द्यायला सांगा. जिभेवर साखर, मीठ, लिंबू, कारल्याचा कडूपणा कळत असेल तर चव शाबूत आहे. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वासच असतो. हे कळल्यावर घरच्यांशी बोलणं मला सोपं गेलं.

विपरीत वास येण्याला पॅरॉस्मिया म्हणतात आणि तो मनाचा खेळ नाही. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की कॉफीतली काही ठरावीक, अगदी कमी प्रमाणातही कळणारी द्रव्यं हा त्रास उठवतात, त्यात गंधकयुक्त द्रव्यं पुढे आहेत. कांदा, लसूण, भाजलेलं-तळलेलं याच माळेतलं. तसलं काही पोटात जात नसेल तर गार किंवा कोमट खा. दहीभात, फळं, उकडलेला बटाटा, आमसुलाचं सार मला चालायचं, दाण्याचं कूट अजिबात नाही. चव लागत नाही म्हणून मीठ वाढवू नका, विशेषतः बीपी असेल तर.

उपचार म्हणाल तर माझा भरवसा गंध-सरावावर. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल या डॉक्टरांच्या गटाने २००९ मध्ये तो मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. प्रत्येक वास १०-१५ सेकंद, हळू हुंगायचा आणि तो पूर्वी कसा यायचा ते आठवत राहायचं. गुलाबपाणी फार फिकं पडतं, तेल किंवा चांगलं अत्तर घ्या. निलगिरी झोंबते, म्हणून प्रगती तिच्यावरून मोजू नका, लवंगेवरून मोजा. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि १२ आठवड्यांत काही वाटलं नाही तरी सोडू नका. वासाच्या पेशी नव्याने तयार होतात, पण सावकाश. माझा लिंबाचा वास आधी परतला, कॉफीचा अजून पूर्वीसारखा नाही.

स्टिरॉइडच्या गोळ्या कोणी लगेच लिहिल्या तर "माझ्या नाकात सूज किंवा पॉलिप, म्हणजे मऊ गाठ, आहे का?" असं स्पष्ट विचारा. विषाणूनंतरच्या वासहानीत त्यांचा फायदा पक्का नाही आणि साखर चढते ती वेगळीच. चालू असतील तर मात्र आपल्या मनाने बंद करू नका. नाकात झिंकचं काही घालू नका. अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २००९ मध्येच तशा नाकातल्या उत्पादनांबद्दल, वासच जातो म्हणून, इशारा दिला होता. आणि हुंगायला कापराची पुरचुंडी ठेवली असेल तर ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, कापूर पोटात गेला तर विषारी असतो.

एक काम मात्र आजच करा. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास तुम्हाला कळेलच याची आत्ता खात्री नाही. गॅस डिटेक्टर बसवून घ्या, एलपीजी हवेपेक्षा जड असतो म्हणून जमिनीजवळ, आणि रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम घरात कोणा एकाकडे नेमून द्या.