काकूले विचारा: प्रोटीनचा डबा घेऊ का शेतातलंच सोयाबीन खाऊ?

मागच्या खेपेले मी म्हटलं होतं की कमी पैशात तब्येत कशी राखायची याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर बाप्पा एवढी पत्रं आली की खाटेवर मावेनात. त्यातली चार घेतली आहेत. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते, 26 वर्षं अंगणवाडी चालवली, तीन पोट्टे वाढवले, त्या अनुभवावर बोलते, बाकी दवाखान्याचं काम दवाखान्यातच.

काकू, मी दारव्हा तालुक्यातला, वय 21, वजन 58 किलो. पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. तालुक्याच्या गावी जिम लावली तर महिन्याचे 800 रुपये, पेट्रोल वेगळं. तिथला दादा म्हणते पावडर घेतल्याशिवाय बॉडी बनतच नाही, डबा अडीच हजाराचा. बाबांची 4 एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन अन् तूर. घरी पैसे मागायची हिंमत होत नाही. डब्याशिवाय जमते का?

बाबू, तुझं पत्र वाचून मले आधी हसू आलं अन् मग राग आला, तुझ्यावर नाही, त्या दादावर. अरे त्या डब्यात असते काय, दुधाचं नाहीतर सोयाबीनचं प्रोटीन, वरून चॉकलेटचा वास. म्हणजे तुझे बाबा सोयाबीन पोत्यानं विकतात, व्यापारी भाव पाडून घेते, अन् तेच चमच्यानं मोजून तू परत विकत आणशील. 2024 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराच्या सूचना काढल्या त्यातही शरीर कमवायले पावडरी घेऊ नका असंच सांगितलं आहे.

आता हिशोब कर. साध्या माणसाले वजनाच्या किलोमागं 0.83 ग्रॅम प्रोटीन लागते, तुझी मेहनत जास्त म्हणून सव्वा ग्रॅम धर, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम झालं. दिवसभरात ज्वारीच्या चार मोठ्या भाकरी, पीठ 300 ग्रॅम, त्यात तीसेक ग्रॅम आलं. तुरीची डाळ 60 ग्रॅम, तिचं तेरा. रात्री मूठभर हरभरे भिजू घातले, सुके 50 ग्रॅम, त्याचं दहा. शेंगदाणे 40 ग्रॅम, आणखी दहा. अन् किराणात सोयावडी मिळते ना, तिच्यात शंभराले पन्नासच्या वर प्रोटीन असते, 30 ग्रॅम भिजवून पिळून भाजीत टाकली की पंधरा. जोड बरं, पंचाहत्तरच्या वर जाते. घरी अंडी चालत असतील तर दोन अंड्यांचं बारा-तेरा वरकड. अन् भाकरीसंग डाळ खायची म्हणजे खायचीच, धान्यात जे कमी असते ते डाळीत असते अन् डाळीत कमी ते धान्यात, आपल्या आज्यांनी हे काही पुस्तकात वाचलं नव्हतं.

घरचं सोयाबीन खायचं तर एक गोष्ट ध्यानात ठेव, मी यात तोंडघशी पडली आहे. एका वर्षी मोठ्या हुशारीनं कच्चंच सोयाबीन गव्हात टाकून दळून आणलं, आठ दिवसांत घरातल्या सगळ्यांचं पोट असं बिघडलं की सासूबाईंनी ते पीठ ढोरांपुढं टाकलं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा एक पदार्थ असते, तो उकळल्याशिवाय मरत नाही. म्हणून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्यायचं, पाणी फेकायचं, खडखडीत वाळवायचं, मग नऊ किलो गव्हाले एक किलो या मापानं दळायचं. अन् पेरणीचं उरलेलं, औषध लावलेलं बियाणं चुकूनही नाही, ते धुतलं तरी नाही.

आता जिमचं. भरतीत पोरांले 1600 मीटर, 100 मीटर अन् गोळाफेक असते, मिळून 50 गुण, त्यातले 20 एकट्या 1600 चे. दंड किती फुगले याचा एक गुण नाही. छाती मोजतात पण ती 79 सेंटिमीटर अन् फुगवून 5 जास्त, तेवढी जोर मारून अन् पळून होते. मग 800 रुपये देऊन आरशासमोर कायले उभं राहायचं? पांदण रस्ता नाहीतर शाळेचं ग्राउंड धर, टेपनं 400 मीटर मोजून खुणा कर. रोज उठून 1600 ची टेस्ट मारत बसू नको, पोट्टे हेच करतात अन् महिनाभरात नडगी धरून बसतात. माझा पुतण्या दोन वर्षं हेच करत होता. मग त्याले शाळेतल्या पीटीच्या सरांनी लावून दिलं तसं तू कर, आठवड्यातून दोन दिवस 400 मीटर जोरात पळून मधात आराम, असं पाच-सहा वेळा, एक दिवस पाच-सहा किलोमीटर सावकाश, दोन दिवस जोर, बैठका अन् लिंबाच्या फांदीले लटकून स्वतःले वर ओढणं, एक दिवस गोळा अन् एक दिवस काहीच नाही. काहीच नाही म्हणजे खरंच काही नाही, त्या दिवशी बाबांसंग फवारणीचा पंप पाठीवर घेऊन हिंडलास तर तो आराम धरू नको.

गोळा पोरांचा 7.260 किलोचा असते. चार पोट्टे मिळून वर्गणीत एक लोखंडी गोळा घ्या, तोवर गोल गोटा शोधून किराणाच्या काट्यावर मोजून घ्या, अंदाजे उचलू नका. वजन उचलायची हौस असेल तर युरियाचं रिकामं पोतं धुऊन त्यात 20 किलो रेती भर, तोंड पक्कं बांध, खांद्यावर घेऊन बैठका मार, बारबेल झालाच. पैसे खर्च करायचे तर एका गोष्टीवर कर, बुटावर. डब्याचे अडीच हजार वाचले त्यात बरा जोडा येते अन् गुडघे राहतात.

अन् ऐक, आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, तिथले मल्ल 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. तेव्हा कुठले डबे होते रे? उन्हाळ्यात मात्र शहाणपणा करू नको, आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते, साडेसहाच्या आत पळणं उरकून घरी यायचं अन् आल्यावर आंबील नाहीतर मीठ घातलेलं ताक.

ताई, मी समुद्रपूर तालुक्यातली, वय 34. निंदण, कापूस वेचणं, जे मिळेल त्या मजुरीले जाते. सारखं गळाल्यासारखं वाटते, पायऱ्या चढली की धाप लागते. आशाताईनं रक्त तपासलं तर 9.1 निघालं, गोळ्या दिल्या पण मळमळते म्हणून ठेवून दिल्या. मोबाईलवर सगळे व्यायाम करा म्हणतात. एवढं राबून वरून आणखी व्यायाम करायचा का?

नाही गं माय, तू सध्या व्यायामाचं नावच काढू नको. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर पाहिजे, तुझं 9 आहे, तुझी गाडी रॉकेलवर चालून राहिली. त्या गोळ्या डब्यातून काढ. उपाशीपोटी मळमळते तर जेवण झाल्यावर दोन तासांनी घे, तरी होत असेल तर रात्री झोपताना घे, लिंबूपाण्यासंग घे, चहा अन् दुधासंग घेऊ नको. शौच काळं होते त्यानं घाबरायचं नाही. बरं वाटलं म्हणून पंधरा दिवसांत बंद नाही करायच्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर सांगतील तोवर चालू, अन् पाळीत जास्त जात असेल तर तेही त्यांले लाजू नको, सांग. जंताची गोळी पण विचार.

पालेभाजीनं रक्त वाढते म्हणतात ते अर्धं खरं आहे, पाल्यातलं लोह अंगी कमीच लागते, म्हणून गोळीच्या जागी भाजी असं करू नको, गोळीसंग भाजी. पावसात धुऱ्यावर तरोटा येते, घोळ येते, परसात अंबाडी लावता येते, हिवाळ्यात हरभऱ्याची पानं खुडून वाळवून ठेवली तर उन्हाळाभर पुरतात. यातलं काहीच विकत नाही. वरून लिंबू पीळ, त्यानं लोह लागते. जवस अन् तिळाची चटणी करून बरणीत ठेव. अन् जेवणावर लगेच चहा, ही आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय आहे, एक तास थांब.

एक गोष्ट मी गावोगाव पाहिली आहे. रेशनवर माणशी 5 किलो धान्य मिळते, 2023 पासून तर फुकट, ते चांगलंच आहे, त्यानं कित्येक घरच्या चुली पेटल्या. पण तांदूळ फुकटचा म्हणून सकाळी भात, दुपारी भात, रात्री फोडणीचा भात, अन् ज्वारी घरातून गेली. आधी शेतातून गेली, सोयाबीन आलं तशी, मग ताटातून. एक पायली ज्वारी महिन्याले विकत घे, दिवसातून एकदा तरी भाकर अन् वरण होऊ दे.

अन् खरं सांगू का, तुझ्या पत्रात तू लिहिलं नाही पण मले माहीत आहे तू सगळ्यांच्या मागून जेवते, भांड्यात उरेल ते. स्वयंपाक झाला की तुझ्या दोन भाकरी अन् वाटीभर डाळ आधीच वेगळी काढून झाकून ठेव, कोणाले विचारायची गरज नाही. रक्त 11-12 वर आलं की मग पाठीचं बघू, दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईले उलट्या बाजूचा ताण पाहिजे, रात्री सतरंजीवर उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, दहा वेळा, एवढंच. तेही आताच नाही.

वहिनी, वय 58, देवळी तालुका. शुगर निघाली. डॉक्टर रोज चालायला सांगतात, पण गावात सकाळी चाललं की लोक विचारतात कुठं निघाले, हसतात. दुसरं असं की भात-पोळी सोडून ज्वारीची भाकर सुरू केली तर गोळी बंद होईल का?

भाऊ, गोळी बंद नाही करायची, हे आधी. ज्वारीच्या भाकरीनं शुगर वाढत नाही असं पारावर सगळे सांगतात, ते चूक आहे, ज्वारी म्हणजे पण पीठच. पोट जास्त वेळ भरलेलं राहते हा फायदा खरा, पण चार भाकरी हाणल्या तर शुगर चढणारच. दीड-दोन भाकरीवर थांबा, आधी भाजी अन् वरण खा, मग भाकर.

चालायचं तर हातात रिकामी पिशवी घ्या, कोणी विचारलं तर शेतात चाललो म्हणा. आठ दिवसांत लोकांले सवय होते, महिन्याभरात त्यातला एक तुमच्या संग येते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, इतकं की बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता नाही आलं पाहिजे. अनवाणी मात्र नाही, शुगरवाल्याच्या पायाले काटा रुतला तर कळत नाही अन् तापलेल्या मातीनं फोड येतात. रात्री पाय धुऊन तळवे पाहत जा.

काकू, मी अकोट तालुक्यातली. आम्ही चार माणसं, महिन्याले 7 किलो तेल लागते. नवऱ्याले भाजीवर बोटभर तर्री पाहिजे, नाहीतर म्हणतात पेशंटचं जेवण केलं का. खर्चही होते अन् त्यांचं पोटही सुटलं. कसं कमी करू?

चार माणसांले दोन-अडीच किलो तेलात महिना निघायले पाहिजे बाई, माणशी अर्धा किलो नाहीतर थोडं वर. तुमचं तिप्पट चाललं. किलोचे दीडशे धरले तरी महिन्याचे सहा-सातशे रुपये नवऱ्याच्या पोटावर जमा होऊन राहिले.

आधी एक काम करा, पिशवीतून कढईत तेल ओतणं बंद. महिन्याचं तेल एका बरणीत काढा अन् चमच्यानंच घ्या, बरणी संपली की महिना संपला. नुसत्या मोजण्यानंच पहिल्या महिन्यात किलोभर वाचते.

तर्री सोडायची गरज नाही. कांदा अन् सुकं खोबरं तेलात तळू नका, कांदा चुलीच्या निखाऱ्यात नाहीतर तव्यावर कोरडा काळा होऊ द्या, खोबरंही कोरडंच भाजा. त्यात चमचाभर जवस अन् थोडं ज्वारीचं पीठ भाजून पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये बारीक वाटा, रस्सा दाट होते. चार माणसांच्या भाजीले चार चमचे तेल, त्यातले दोन फोडणीले अन् दोन मागं ठेवायचे. रस्सा मंद आचेवर झाकून पंधरा-वीस मिनिटं उकळू द्या, खोबऱ्याचं अन् जवसाचं आपलं तेल सुटून वर येते. मग शेवटी ते मागं ठेवलेले दोन चमचे तेल गरम करून, आच बंद करून त्यात भिवापुरी मिरचीचं तिखट टाका अन् लगेच रश्श्यावर सोडा. लालभडक तवंग दिसते, तेल तेवढंच.

नवऱ्याले आधी काही सांगू नका. आठ दिवस खाऊ द्या, मग बरणी दाखवा.