खेड्यातल्या कादंबरीत मेलेल्या नवऱ्याचं दुसरं घर कसं उघडकीस आणावं?

तेरवीनंतर नायिकेला कपाटात दुसऱ्या बाईची पत्रं सापडतात, हे विदर्भातल्या खेड्यात खरं वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही पटलं. मी यवतमाळ जिल्ह्यात तलाठी होतो, आता निवृत्त. आमच्याकडे असलं लफडं कळतं ते कापसाच्या चुकाऱ्यातून, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशातून. वीस क्विंटल घातला आणि घरी पंधराचेच पैसे आले, की कृषी केंद्रवाल्यापासून ऑटोवाल्यापर्यंत सगळे काय ते समजून जातात.

ते चव्हाट्यावर येतं वारस फेरफाराच्या वेळी, म्हणजे मयताच्या जमिनीवर वारसांची नावं लावताना. माणूस गेला की तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याला कळवायचं. 6-कच्या, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत नावं चढतात, मग फेरफार, मग हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस चावडीवर लागते. त्या दिवसांत तालुक्याहून दुसरी येते, पोरांचे जन्मदाखले कॅरीबॅगमध्ये घेऊन. पहिली हयात असताना केलेलं लग्न कायद्यानं रद्दबातल, म्हणून तिला स्वतःला काही नाही. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 मुळे तिच्या पोरांना बापाच्या वाट्यात हक्क आहे. शिवाय मयताची आईही वारस. लिहिणारे या म्हातारीला हमखास विसरतात, आणि तिकडच्या नातवाचं तिला बहुधा आधीपासून ठाऊक असतं.

अशाच एका हरकतीत पहिली बायको जबाब द्यायला बसली. "साहेब, पोरायची नावं लावा. तिचं मातर नोका लावू." मी दाखले चाळत होतो, तोवर तिनं दुसरीच्या तिन्ही पोरांची नावं थोरल्यापासून घडाघडा सांगितली. एकही चुकलं नाही.

म्हणून तुमची नायिका अजाण ठेवू नका. तिनं इतकी वर्षं काय गिळलं, हेच खरं गुपित. तेरवीपर्यंत घर सोयऱ्यांनी भरलेलं. रडायला कोणी ना म्हणत नाही, पण मेलेल्यावर चिडायची सोय नाही. तो राग वावरातच निघू द्या, धुऱ्यावर (बांधावर), जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी भांडताना.

आणि गोष्ट जूनपर्यंत ताणा. सातबाऱ्यावर आता सगळी नावं. पीककर्जाला बँक सामायिक खातेदारांची संमती मागते, आणि तिकडची पोरं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली असली तर सहीला त्यांची आईच लागणार.