एव्हिडन्स, प्रूफ, इन्फरन्स: नव्या अभ्यासकासाठी

इंग्रजीतून तर्कशास्त्र वाचायला घेतले असेल, तर एव्हिडन्स आणि प्रूफ यांत गल्लत करू नका. एव्हिडन्स एखाद्या विधानाला कमीअधिक बळ देतो, तर प्रूफनंतर, निदान गणितात, शंकेला जागाच उरत नाही. खरा कस लागतो तो डिडक्शन आणि इंडक्शन या इन्फरन्सच्या, म्हणजे निष्कर्ष काढण्याच्या, दोन पद्धतींपाशी. डिडक्शनमध्ये आधारविधाने खरी आणि मांडणी निर्दोष असेल, तर निष्कर्ष खरा असावाच लागतो. इंडक्शनमध्ये मात्र पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांविषयी बोलायचे असल्याने निष्कर्ष कितीही भक्कम वाटला तरी तो उलटू शकतो. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या पांढरेच राजहंस दिसत आल्याने सगळे राजहंस पांढरेच, असे धरून चालत. १६९७ मध्ये डच खलाशांना पश्चिम ऑस्ट्रेलियात काळे राजहंस दिसले आणि ते विधान कोसळले. इम्प्लाय आणि इन्फर यांचा घोळ तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही होतो: बोलणारा सुचवतो ते इम्प्लाय, ऐकणारा त्यावरून ताडतो ते इन्फर. रिफ्यूट म्हणजे नुसते नाकारणे नव्हे, तर पुराव्यानिशी खोडून काढणे. बातम्यांत तो डिनायच्या जागी सर्रास येतो, तरी शास्त्रीय लेखनात तशी सूट घेऊ नये.