‘नाकाचं हाड वाढलंय’ की नाक आवडत नाही?

वय २७, नोकरी हिंजवडीत, घर सिंहगड रोडला, लग्न पाच महिन्यांवर. मुलगी आईबरोबर आमच्याकडे सल्ल्यासाठी आली होती, बोलायला सुरुवात आईने केली. “मॅडम, हिचं नाकाचं हाड वाढलंय. ऑपरेशन करायचंच आहे तर त्यातच नाक सरळही करून घेते म्हणतेय. लग्नाच्या आत होईल ना? आणि सासरी सांगायचं का?”

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नाकाची बाब घेऊन येणारी बहुतेक घरं हे सगळे प्रश्न असे एकाच दमात विचारतात, आणि घोटाळा तिथेच होतो. श्वासाचं दुखणं, रूपाची खंत, मुहूर्त आणि सासर या चार गोष्टींचं एकच गाठोडं होतं आणि ते तसंच सर्जनच्या टेबलावर ठेवलं जातं. म्हणून पहिल्या भेटीत फक्त श्वासाबद्दल बोलायचं ठरलं.

‘हाड वाढलंय’ हा आपल्याकडचा सर्रास शब्द. खरं तर बहुतेक वेळा काही वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा पुढे मऊ कूर्चेचा आणि मागे हाडाचा असतो, तो एका बाजूला झुकलेला असतो, एवढंच. अगदी सरळ पडदा असलेली माणसंच कमी. त्रास नसेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. त्यामुळे ‘पडदा वाकडा आहे का’ यापेक्षा ‘कोणती बाजू, कधी बंद असते’ हे जास्त कामाचं. निरोगी नाकातही दर काही तासांनी एक बाजू थोडी भरते आणि दुसरी मोकळी होते. बाजू अशी बदलत असेल, सोबत शिंका, खाज, पाणी असेल, तर संशय ॲलर्जीवर जातो. तीच बाजू बारा महिने बंद असेल तर रचनेवर.

हिचं दोन्ही होतं. डावी बाजू कायमची बंद, आणि सकाळी उठल्यावर दहा-पंधरा शिंका येऊन दोन्ही चोंदणार. पुण्यात याचं नवल नाही. धूळ आहेच, आणि ज्याचे परागकण अनेकांना छळतात ते गाजर गवत देशात पहिल्यांदा नजरेत आलं तेही १९५०च्या दशकात पुण्यातच. शिवाय आठ महिने ती रोज रात्री नाक मोकळं करणारे थेंब टाकत होती. हे थेंब पाच-सात दिवसांपुरतेच असतात. त्यापुढे चालू ठेवले तर परिणाम उतरला की आतली त्वचा आधीपेक्षा जास्त सुजते, म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा सूज. अशा नाकाची शस्त्रक्रिया ठरवणं म्हणजे पूर आलेला असताना नदीची रुंदी मोजणं.

एक साधी गोष्ट तिने तिथेच करून पाहिली. डाव्या नाकपुडीशेजारचा गाल दोन बोटांनी हलकेच बाहेर ओढायचा आणि श्वास घ्यायचा. तिला लगेच मोकळं वाटलं. नाकपुडीच्या आत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर नाकाची सगळ्यात अरुंद जागा असते, नाकातली झडपच म्हणा. गाल ओढल्यावर बरं वाटलं तर अडथळा त्या जागेत असण्याची शक्यता असते. हे निदान नव्हे, कान-नाक-घसा तज्ज्ञांना सांगण्यासारखी नोंद आहे. त्यांनी दुर्बिणीने पाहिलं, थेंब बंद केले, मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टेरॉइडचा स्प्रे सहा आठवडे दिला. हा स्प्रे ‘लागू पडत नाही’ असं जे म्हणतात, त्यातले बरेच जण तो चुकीचा मारतात. डाव्या नाकपुडीत मारताना बाटली उजव्या हातात धरायची, डाव्या हातात उजव्या नाकपुडीसाठी, आणि टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखायचं. पडद्यावर फवारा बसत राहिला तर तिथली त्वचा कोरडी पडते आणि घोळणा फुटतो. दुसरं म्हणजे दोन-चार आठवडे रोज वापरल्याशिवाय त्याचा पुरता गुण कळत नाही.

सहा आठवड्यांनी शिंका थांबल्या, उजवी बाजू मोकळी झाली, डावी अर्धीच राहिली. आता शस्त्रक्रियेच्या बोलण्याला आधार होता.

दरम्यान रूपाची बाजू ऐकायला तिला एकटीला बोलावलं होतं. आईसमोर हे बोलणं होत नाही. सातवीत खो-खो खेळताना ती खांबावर आदळली होती. तेव्हा सूज उतरली, कोणी फार लक्ष दिलं नाही, नाक मात्र डावीकडे कललं आणि मधे उंचवटा आला. कॉलेजात तिला त्याचं काही वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका स्थळाकडून मध्यस्थाकरवी निरोप आला : मुलगी नाकीडोळी नीटस हवी. यंदा साखरपुड्यात आत्या हसत म्हणाली, “नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, आपल्या वाकडीचं मात्र बिनविघ्न ठरलं!” सगळे हसले, तीही हसली. त्या रात्री तिने पहिल्यांदा मोबाइलवर सर्जन शोधले.

अशा वेळी काही गोष्टी नेमक्या विचाराव्या लागतात. नाकाचा विचार दिवसातून किती वेळ मनात असतो? आरशात किती वेळा पाहणं होतं? त्यापायी कामावर, समारंभाला जाणं टळतं का? आधी काही उपचार करून पुन्हा असमाधान वाटलं का? उत्तर रोज तासाच्या वर जात असेल, इतरांना जेमतेम दिसणारी खोट त्या व्यक्तीला जगणं नकोसं करत असेल, तर तो देहरूपाच्या भ्रमाचा आजार असू शकतो. सौंदर्य शस्त्रक्रिया मागणाऱ्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि नाकाच्या बाबतीत विशेष. त्यात शस्त्रक्रियेने समाधान होत नाही. नाक सरळ होतं आणि खंत नाकाच्या टोकावर जाते, मग नाकपुड्यांवर. तिथे मानसोपचारतज्ज्ञ, विचार-वर्तन उपचार आणि गरज असेल तर औषधं हाच मार्ग. हिचं तसं नव्हतं. दिवसातून फार तर दहा मिनिटं, तीही सेल्फी काढल्यावर.

सेल्फीचं गणितही तिला सांगितलं. २०१८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की फुटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्क्यांनी जास्त भासते, आणि पाच फुटांवरून काढला की हा फरक जवळजवळ उरत नाही. कॅमेऱ्याला नाक चेहऱ्याच्या बाकी भागापेक्षा जवळ पडतं, म्हणून. तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. रुंदीची तक्रार तिथेच गळाली, कललेपणाची राहिली.

मग कागदावर एकच वाक्य लिहायला सांगितलं : काय बदललं तर पुरे? पहिला प्रयत्न ‘चाफेकळीसारखं’ असा होता. ते खोडून तिने लिहिलं, “समोरून बघितल्यावर सरळ दिसावं. उंचवटा थोडा राहिला तरी चालेल.” दुसऱ्या वाक्यावर सर्जन काम करू शकतो. पहिल्यावर फक्त भांडण होतं.

आता एकत्र की वेगवेगळं? आईचा हिशोब ‘एका भुलीत दोन कामं’ असा होता. खरं कारण त्याहून भक्कम आहे. नाकाला आकार देताना जोड द्यायला कूर्चेचे तुकडे लागतात आणि ते बहुधा पडद्यातूनच काढतात. आधी फक्त पडद्याची शस्त्रक्रिया करून ती कूर्चा काढून टाकली आणि दोन वर्षांनी रूपासाठी पुन्हा टेबलावर गेलं, तर ठेव संपलेली असते. मग कानातून किंवा बरगडीतून कूर्चा घ्यावी लागते. म्हणून रूपाचा विचार मनात असेल तर पडद्याच्या शस्त्रक्रियेआधीच सर्जनला सांगावा, मग करायचं नसलं तरी. पडद्यातूनही हवी तेवढी काढता येत नाही. वरची आणि पुढची साधारण एक सेंटीमीटरची पट्टी राखावीच लागते, नाक तिच्यावर उभं असतं. ती कमकुवत झाली की नाक मधे खोगिरासारखं बसतं.

उलट बाजूची चूकही होते. केवळ रूपासाठी उंचवटा तासला आणि ती अरुंद झडप सांभाळली नाही, तर आधी नीट श्वास घेणाऱ्याचं नाक नंतर चोंदतं. ते टाळायला पडद्याच्या कडेने कूर्चेच्या पातळ पट्ट्या बसवतात. म्हणून सर्जनला विचारायचा सगळ्यात चांगला प्रश्न ‘किती बारीक होईल’ हा नव्हे. ‘उंचवटा काढल्यावर श्वासाची वाट कशी राखणार, आणि कूर्चा कुठून घेणार?’ हा आहे. त्यापाठोपाठ : अशा किती शस्त्रक्रिया स्वतः करता? पुन्हा दुरुस्तीची वेळ आली तर खर्च कोणाचा? संगणकावर दाखवलेलं नाक हे बोलायचं साधन आहे, करारपत्र नव्हे. एमएस कान-नाक-घसा किंवा एमसीएच प्लास्टिक सर्जरी, यांपैकी पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाहून घ्यावी. ‘पंधरा मिनिटांत नाक’ देणाऱ्या फिलरच्या, म्हणजे त्वचेखाली जेल भरण्याच्या इंजेक्शनबद्दल मत स्पष्ट आहे : त्याने नाक लहान होत नाही, श्वास सुधारत नाही, आणि औषध रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा काळी पडून झडते, क्वचित दृष्टी जाते. ब्युटी पार्लरमध्ये तर नकोच.

आईला हे सगळं ‘परदेशी फॅड’ वाटत होतं. तिला पुण्याचीच गोष्ट सांगितली. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ब्रिटिश डॉक्टरांनी ते पाहिलं, १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ते छापून आलं, आणि ते वाचून पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये तसं नाक करण्यात आलं. आई म्हणाली, “म्हणजे शिकले ते आपल्याकडून!” आणि त्या दिवसापासून तिचा विरोध मवाळ झाला. पुण्यात काही युक्तिवाद असेही चालतात.

खर्चाचे मात्र दोन कप्पे करावे लागतात. आरोग्य विमा निव्वळ रूपासाठीची शस्त्रक्रिया देत नाही. पडद्याची, वैद्यकीय गरज नोंदलेली असेल तर, सहसा देतो, पण अनेक पॉलिसींत तिला दोन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असतो. अपघाताने बिघडलेल्या नाकाची गोष्ट वेगळी, त्यासाठी जुने कागद लागतात. खो-खोच्या वेळचा केसपेपर आईच्या कपाटात निघाला. सौंदर्य शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, इजा किंवा जन्मजात दोषाच्या दुरुस्तीवर नाही. म्हणून सर्जनची फी, भूल, खोली, औषधं अशी फोड लेखी मागावी, आणि विमा कंपनीची मंजुरी आधी घ्यावी. रूपाचं काम पडद्याच्या नावाखाली दडपून बिल करू, असं कोणी सुचवलं तर तिथून उठावं.

राहिला मुहूर्त. सहा आठवडे स्प्रेत गेले, साडेतीन महिने उरले. दोन महिन्यांत माणूस चारचौघांत जाऊ शकतो, हे खरं. डोळ्यांखालचं काळं-निळं दोन आठवड्यांत जातं, बरीचशी सूज सहा आठवड्यांत. पण टोकाची सूज उतरायला वर्ष लागतं, जाड त्वचेत त्याहूनही जास्त. म्हणजे लग्नाच्या अल्बममध्ये जे नाक येईल ते ना जुनं, ना नवं. चष्मा चार-सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही. तोंड झाकणारं हेल्मेट डोक्यात घालताना नाकावरून घासत उतरतं, तेही तेवढेच दिवस बंद, म्हणजे दुचाकी बंद. आणि नथ. चापाची असो वा टोचलेली, दिवसभराच्या विधींत ती ताज्या नाकावर लोंबकळणार, शिवाय हारांची गर्दी, मिठ्या, लहान मुलांची डोकी. आमचा सल्ला साफ होता : लग्नानंतर. आई दोन भेटी नाराज होती.

सासरी सांगायचं का, हा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. होणाऱ्या नवऱ्याला तळजाईवर फिरताना सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, “मग महिनाभर ऑफिसला सोडायला मी येऊ का?” सासूबाईंना दोघांनी नंतर सांगितलं. आत्याला कोणी सांगितलं नाही.

लग्नानंतर सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली, पडदा आणि बाहेरचा कल एकत्रच. दोन आठवडे आधीपासून ॲस्पिरिनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या, लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल बंद केल्या होत्या, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. (हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते स्वतःहून थांबवायचं नाही. तंबाखू मात्र चार आठवडे आधी आणि नंतरही बंद, मिश्रीसुद्धा.) सातव्या दिवशी वरचं प्लास्टर आणि आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्या निघाल्या. डावीकडून गार हवा आत गेली तेव्हा तिला दचकायला झालं.

नवव्या दिवशी आईचा फोन. “मॅडम, नाक आधीपेक्षा मोठंच दिसतंय, टोक वर गेलंय. बिघडलं का हो?”

नाही. या आठवड्यात असंच दिसतं. ताप, वाढत जाणारी ठणक, दोन्ही बाजू एकदम गच्च होणं, किंवा पुढे वाकून नाक पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, यांपैकी काही असेल तर त्याच तासाला सर्जनला फोन करायचा. पडद्याच्या थरांत रक्त साठलं आणि ते वेळेत काढलं नाही तर कूर्चा मरते. यातलं काहीच नव्हतं. मग उरलं ते एवढंच : दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, झोपताना दोन उशा. फोटो पहिल्या महिन्याला, मग तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या. त्याच खिडकीसमोर, पाच फुटांवरून, दुसऱ्या कोणीतरी काढलेले.

“आणि आत्या येणारेत रविवारी,” आई म्हणाली. “त्यांना काय सांगू?”

त्या रविवारी मुलगी सासरी होती.