अडीच वर्षांच्या मुलाला येणाऱ्या बाळाबद्दल कधी आणि कसं सांगावं?

तुमचा मुलगा अडीच वर्षांचा, तुम्हाला चौथा महिना, आणि विचारलंय की त्याला कोणत्या महिन्यात आणि कोणत्या शब्दांत सांगायचं. शेवटी जाता जाता हेही लिहिलंय की घरची मोठी माणसं म्हणतात, ‘एवढ्याशा पोराला काय कळतंय, होईल सवय.’ मी लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे. हे वाक्य ज्या घरात चालतं, त्याच घरात प्रसूतीच्या रात्री पोर झोपलेलं बघून आई गुपचूप दवाखान्यात जाते आणि सकाळी त्याला सांगितलं जातं, ‘आई ऑफिसला गेली.’

अडीच वर्षांच्या मुलाला ‘तीन महिन्यांनी’ कळत नाही. ‘तू दादा होणार’ म्हणजे काय होणार, तेही कळत नाही. पण आंघोळ कोण घालतं, झोपताना पाठीवर हात कुणाचा असतो, रात्री जाग आली तर शेजारी कोण असतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बाळ आलं की नेमकं हेच बदलतं. म्हणून बातमी सांगणं हा तयारीचा सगळ्यात छोटा भाग. पाच मिनिटांचा. त्याच्या दिवसातलं जे बदलणारच आहे ते आधीच बदलून ठेवणं, हे खरं काम, आणि त्याला दोन महिने लागतात.

हिशोब करून बघा. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. एकेका वेळेला सरासरी अर्धा तास धरला तरी तुमची मांडी रोज चार ते सहा तास अडकली. सिझेरियन झालं तर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं, आणि तुमचा मुलगा १२-१३ किलोचा असेल. म्हणजे मांडीही नाही आणि कडेवरही नाही.

सगळ्यात आधी झोपवणं दुसऱ्या माणसाकडे द्या. बाबा, आजी, मावशी, जो माणूस प्रसूतीच्या रात्री खरोखर घरी असणार आहे तो. २८व्या आठवड्याच्या आसपास सुरू करा आणि ३५-३६व्यापर्यंत संपवा, कारण ३७ आठवडे भरले की बाळ कधीही येऊ शकतं. पहिला आठवडा तुम्ही शेजारी आडव्या, गोष्ट बाबांनी सांगायची. दुसऱ्या आठवड्यात थोपटायचंही बाबांनी, तुम्ही खोलीत पण लांब बसून. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही खोलीबाहेर.

आणि इथेच सगळं बिघडतं. पोर रडतं, आई दाराबाहेर दहा मिनिटं कळ काढते आणि अकराव्या मिनिटाला आत जाते. पोरानं काय शिकावं? दहा मिनिटं पुरत नाहीत, अकरा रडावं लागतं. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात दाराबाहेर बसूच नका, तासभर घराबाहेर जा. आई दारामागे आहे हे मुलाला माहीत असतं तोवर त्याचं रडणं अगदी रास्त असतं. आई खरंच घरात नसेल तर बहुतेक मुलं जवळ असलेल्या माणसाकडे वळतात. जाताना मात्र सांगून जायचं, ‘मी बाहेर जातेय, तू झोपल्यावर येणार,’ आणि यायचं. रडून बेजार झाला तर बाबांनी जवळ घ्यायचं. त्याला एकट्याला रडत ठेवण्याबद्दल हे चाललेलं नाही.

सगळंच बाबांकडे देऊ नका, ही दुसरी चूक. आठव्या महिन्यात आंघोळ, जेवण, झोप, फिरणं सगळं एकदम सुटलं तर पोराच्या हिशेबी आई आधीच गेली. एक गोष्ट तुमचीच ठेवा, आणि ती अशी निवडा की टाके असतानाही पडल्या पडल्या करता येईल. सकाळी उठल्यावर अंथरुणातली दहा मिनिटं उत्तम. ती प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवशीही चालू राहू शकतात.

आता ती रात्र. १९६९ साली जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या ब्रिटिश जोडप्यानं १७ महिन्यांच्या एका मुलावर माहितीपट केला. त्याची आई दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि तो नऊ दिवस एका निवासी पाळणाघरात. सांभाळणाऱ्या बायका वाईट नव्हत्या, पण पाळीपाळीनं बदलत होत्या. हा कुणा एकीला धरायला जायचा तोवर तिची पाळी संपायची. पहिले दोन दिवस तो बऱ्यापैकी ठीक होता. ‘झाली की सवय’ म्हणणाऱ्यांनी हे दोन दिवस बघितले असते तर आपलंच खरं म्हणून निघून गेले असते. पुढे रडणं वाढलं, खाणं सुटलं, आणि नवव्या दिवशी आई घ्यायला आली तेव्हा तो तिच्यापासून तोंड फिरवून झगडू लागला. याच जोडप्यानं दीड ते अडीच वर्षांची आणखी चार मुलं स्वतःच्या घरी सांभाळली. आधी भेटीगाठी करून ओळख वाढवली, घरच्या सवयी विचारून घेतल्या, आईबद्दल बोलणं चालू ठेवलं. त्या मुलांनाही आई हवीच होती, पण ती कोसळली नाहीत. वयं साधारण तीच आणि कारणही तेच. ‘एवढ्याशाला काय कळतंय’ला माझ्याकडे एवढं एकच उत्तर आहे, आणि ते दरवेळी पुरतं.

तुमच्या घरात यातून करायचं काय? सांभाळणारा माणूस एकच ठरवा आणि त्याच्यासोबत एक अख्खी रात्र आधी काढून बघा. कळा रात्री सुरू झाल्या तर मुलाला उठवायचं का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझ्या मते उठवायलाच हवं असं नाही. त्याऐवजी खूण ठरवा. तुमची रोजच्या वापरातली ओढणी घ्या आणि नवव्या महिन्यात त्याला चार-पाच वेळा सांगा, ‘तुला जाग आली, मी दिसले नाही आणि ही ओढणी उशाशी असली, तर मी बाळ व्हायला दवाखान्यात गेलेय. बाबा इथेच आहेत. मी परत येणार.’ खेळात एकदोनदा करूनही बघा: ओढणी ठेवायची, बाहेर जायचं, परत यायचं. ओढणी धुवू नका, वासाचं काम मोठं आहे.

दिवस मोजताना उलटी गणती नको. नॉर्मल प्रसूतीनंतर बहुधा एक-दोन दिवस आणि सिझेरियननंतर तीन-चार दिवस दवाखान्यात जातात, पण बाळाला कावीळ निघाली की मुक्काम वाढतो, आणि ‘तीन झोपा झाल्या की आई येणार’ हे वचन मोडतं. त्यापेक्षा रोज सकाळी कागदावर एक चांदणी चिकटवायची. आई आली की सगळ्या चांदण्या तिला दाखवायच्या. व्हिडिओ कॉलवर आई दिसून हाताला लागत नाही म्हणून काही मुलं जास्त बिथरतात. तुमचा त्यातला निघाला तर कॉल बंद करा, आवाजात गोष्ट रेकॉर्ड करून पाठवा.

पहिल्या भेटीच्या वेळी बाळ पाळण्यात असू द्या आणि तुमचे हात मोकळे. आधी तो, मग बाळ. १०-१५ मिनिटं पुरे. त्यानं बाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही तर पाहू नये, ‘बाळाची पापी घे’ म्हणून मागे लागू नका. तसंही पहिले दोन महिने तोंडाची पापी नकोच, पावलांना हात लावायचा. लहान मुलाची साधी सर्दी नवजात बाळाला जड जाते. मोठ्याच्या लसी, विशेषतः डांग्या खोकल्याची, वेळेवर झाल्यात ना तेवढं आत्ताच तपासून घ्या.

शब्दांचं आता. ‘पोटात बाळ आहे’ एवढंच सांगितलं की काही मुलांना वाटतं आईनं बाळ खाल्लं. ‘पोटात बाळासाठी वेगळी पिशवी असते, गर्भपिशवी, तिथे ते वाढतंय,’ असं सांगा. ‘तुला खेळायला भाऊ येणार’ ही शुद्ध थाप आहे. येणारं बाळ दिवसातले १४ ते १७ तास झोपतं आणि उरलेल्या वेळात पितं किंवा रडतं. ओळखून हसायलाही त्याला सहा आठवडे लागतात. ‘भाऊ हवा की बहीण?’ विचारूच नका, ऑर्डर चुकली की जबाबदार तुम्ही. आणि उचलून घेणं जमत नसेल तेव्हा ‘बाळामुळे नाही उचलत’ कधीही म्हणू नका. ‘आज माझी कंबर दुखतेय, मी खाली बसते, तू मांडीवर चढ.’ बाळ जन्मायच्या आधीच त्याच्या नावावर पाच महिन्यांच्या तक्रारी कशाला जमा करायच्या?

‘आता तुझी गादी गेली’, ‘आता आई बाळाचीच’ ही गंमत करणाऱ्यांना मुलासमोरच थांबवा. कितीही मोठं माणूस असो. गंमत त्यांची होते, रात्री दचकून उठतं ते पोर.

बाळ आल्यावर तो तुमच्याकडून बाळाबद्दल काय ऐकतो हेही महत्त्वाचं. ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी केंब्रिजमध्ये ४० कुटुंबांवर काम केलं होतं. ज्या आया पहिल्या काही आठवड्यांत मोठ्याशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत होत्या (‘ते का रडत असेल रे? भूक लागली असेल का?’) तिथे पुढे वर्षभरानंतरही दोघांत जास्त मायेनं चाललेलं दिसलं. हे आत्ताही सुरू करता येतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात हालचाल हाताला लागायला लागली की त्याचा हात पोटावर ठेवा. साधारण २५व्या आठवड्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देतं, तेव्हा त्यानं पोटाशी बडबड केली तर ती अगदीच वाया जात नाही.

पाजण्याची रंगीत तालीम आठव्या महिन्यात करा. जिथे पाजणार तिथेच रोज १५ मिनिटं मांडीवर उशी घेऊन बसा, तो शेजारी. जमिनीवरची गादी खुर्चीपेक्षा बरी, त्याला टेकून लोळता येतं. एक डबा ठेवा, त्यातली खेळणी फक्त तेव्हाच बाहेर. पाणी आणि त्याचा खाऊ हाताशी, शू आधीच झालेली, आणि खोलीचं दार बंद. आई अडकलीय हे मुलांना बरोबर कळतं आणि नेमकी तेव्हाच ती कपाटावर चढतात.

वेगळ्या पलंगावर झोपवायचं असेल तर प्रसूतीच्या आधी किमान सहा-आठ आठवडे, नाहीतर बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर. प्लेस्कूलचंही तेच. डायपर सोडवायचं काम अर्धवट असेल तर खुशाल थांबवा, कारण बाळ आल्यावर बरीच मुलं पुन्हा चड्डीत करतात, बोबडं बोलतात, बाटली मागतात. मागितली तर द्या. हसू नका, ‘तू आता मोठा ना?’ म्हणू नका. काही आठवड्यांत हे ओसरतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. वार (प्लॅसेंटा) खाली असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा आधी दिवस भरण्यापूर्वी प्रसूती झाली असेल तर उचलणं आणि अंगावर पाजणं, दोन्हीचं डॉक्टरांना विचारा. एरवी मोठा अजून पीत असेल तर गरोदरपणात पाजायला हरकत नसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध आपोआप कमी होतं आणि बरीच मुलं स्वतःच सोडतात. तुमच्याकडे अजून चालू असेल आणि सोडवायचंच असेल तर आत्ता सोडवा, नवव्यात नको. त्याचा उष्टा चमचा तोंडात घालू नका आणि डायपर बदलल्यावर साबणानं हात धुवा, लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा विषाणू येतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधू शकतो. बाळ आल्यावर दोघांना एक मिनिटही एकटं सोडू नका, तो कितीही शहाणा असला तरी. आणि हे सगळं दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी आहे. दीड वर्षाच्या आतल्याला शब्द जवळजवळ निरुपयोगी, तिथे फक्त माणसं आणि दिनक्रम. पाच वर्षांच्या पुढचं मूल सगळं कुजबुजणं ऐकत असतं, त्याला बाकीच्यांच्या आधी सांगावं लागतं.

महिना विचारलात तर सहावा. पोट दिसायला लागलेलं असतं आणि बहुतेक गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांत होतात, तो काळ मागे पडलेला असतो. पण तुम्ही आत्ताच उलट्यांनी आडव्या पडत असाल तर सहाव्याची वाट बघू नका. त्याला दिसतंय. ‘मला मळमळतंय, हे जाणार आहे, तू काही केलेलं नाहीस,’ एवढं आज सांगा. बाळाचं नंतर.